पोटातलं पाणी आणि तुमचे दादा

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता तुमचं ऐकते, की अजून आपलंच खरं करते? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा.

माझं डायलिसिस घरीच चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की खालच्या पिशवीत काढायचं आणि नवं भरायचं. हे सगळं तुमचे दादा करतात. (लग्न झाल्यापासून यांना स्वतःचा रुमाल कधी सापडला नाही, पण माझ्या नळीचं टोपण डोळे मिटून सापडतं.) दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि हात असे धुतात की साबणानं दया मागावी. तरीही गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की रक्ताची सफाई कमी पडतेय, पाणी पूर्ण बाहेर येत नाही. सुधारलं नाही तर आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात मशीनवर यावं लागेल. म्हणजे माझा शिवणाचा वर्ग बंद! घरी येताना वाटेतच रडले, खोटं कशाला सांगू.

तुमच्या दादांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. पाणी का येत नाही हे त्यांना कुणी शिकवायचं? त्यांचं निदान एकच: उतार कमी. मग मला कापड बेतायच्या उंच टेबलावर चढवलं आणि पिशवी ठेवली जमिनीवर. तरी येईना, म्हणून डावीकडे कल, उजवीकडे कल, जरा खोक. वर्गातल्या मुली नेमक्या वेळेआधी आल्या. खिडकीच्या काचेतून बघतात तो काय, बाई टेबलावर विराजमान आणि काका जमिनीवर पालथे, पिशवीला डोळा लावून. एकीनं तर बाहेरूनच हात जोडले.

शेवटी एक्स-रे काढला. आतडी इतकी भरलेली, की त्यांनी नळीचं टोक बाजूला ढकललं होतं! नर्सताईंनी विचारलं, "पोट रोज साफ होतं का?" मी जमिनीकडे पाहू लागले. (नव्हतं होत हो! पण असलं कुणाला आपणहून सांगतात का?) यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मी बाहेरची नळी तपासत बसलो आणि अडलंय आत!" म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी पोट साफ व्हायचं औषध दिलं, नि काय खायचं तेही ठरवून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी, वर्ग भरलेला असताना, स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात विचारणा होते, "झालं का?" मुली माना खाली घालून टाके घालतात. एकदा मी "झालं" म्हटलं, तर मागच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

पण गुण आला हो! नळी जागेवर आली, पाणी पूर्ण बाहेर येऊ लागलं, परवाच्या तपासणीत सफाई हवी तेवढी निघाली. वर्ग वाचला. त्या दिवशीची भरलेली पिशवी यांनी उजेडात धरून इतक्या कौतुकानं पाहिली, की लेकीच्या निकालाच्या दिवशीही एवढं कौतुक दिसलं नव्हतं. मी थट्टा करते खरी, पण वन्सं, हा माणूस नसता तर मी केव्हाच हात टेकले असते.

तुमची,
वहिनी

ता. क. आता खरं काम. औषधी पाण्याच्या पिशव्यांचे जड खोके जिन्यावरून वाहून यांना हर्निया झालाय. पट्टा शर्टाखाली लपवून फिरतात, मला दिसला. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणतात, "मग तुझं पाणी कोण बदलणार?" तुम्ही महिनाभर येऊन राहाल का? माझं ऐकत नाहीत, धाकट्या बहिणीचा शब्द मोडायचे नाहीत. मी कळवलंय हे मात्र बोलू नका. पत्र तेच पेटीत टाकणार आहेत, पण दुसऱ्याचं पत्र वाचायची त्यांना सवय नाही.

ता. क. (खालचं अक्षर माझं) चिमे, वाचलं. ऑपरेशनची तारीख घेऊन आलोय, पुढच्या महिन्याची पंधरा; त्याआधी चार दिवस ये म्हणजे तुला सगळं शिकवतो. ऑपरेशनला मी भीत नाही. फक्त माझी भूल उतरेपर्यंत तिच्याजवळ आपलं माणूस हवं.