तिसरा टर्बो

प्रिय दादा,

आधीच सांगते, रागात लिहितेय. तू मनात म्हणशील, ही रागात नसते कधी? म्हण. फोन केला असता, पण तुझं नाव दिसलं की बाबा माझ्या हातातून फोन काढूनच घेतात आणि मग तुमचं इंजिनपुराण सुरू होतं. आत्ता ते जेवून मागच्या खोलीत आडवे झालेत आणि मी गॅरेजच्या बाकावर बसलेय. कागदावरचे काळे डाग माझ्या बोटांचे. मध्येच सल्ला सुचला तर गिळून टाक आणि आधी शेवटपर्यंत वाच.

विषय जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा. हो, पुन्हा तीच. टेकड्यांवरचे सगळे गोठे बाई त्या गाडीने फिरतात, आणि चढ आला की गाडीचा जीव जायचा. मागून काळा धूर, बॉनेटखालून बारीक शिट्टी. मी सगळं रीतसर बघितलं होतं, दादा. एअर फिल्टर काढला, तो स्वच्छ. रबरी नळ्यांत हवा भरून साबणाचं पाणी लावलं, कुठे एक बुडबुडा नाही. टर्बोची दांडी हलवणारा अॅक्च्युएटर अडकत नव्हता. शेवटी टर्बोचं तोंड उघडून पंखा बोटाने हलवला, तर तो म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता. तुला टर्बो शिकवायला नको, पण चिडले की मला शिकवायची सवय आहे: इंजिनाच्या धुरावर फिरणारा एवढासा पंखा, इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि जगतो फक्त तेलावर. त्याचं तेल तुटलं की तो गेलाच.

म्हणून नवा टर्बो बसवला. नवी तेलाची नळी, तांब्याच्या नव्या वॉशर, नवं ऑइल. सुरू करायच्या आधी टर्बोत हाताने तेल सोडलं, जसं बाबांनी आपल्या दोघांना शिकवलंय तसं. गाडी काय पळाली! आणि थोड्याच दिवसांत पुन्हा शिट्टी, पुन्हा धूर. तेव्हा तू तिकडे कंपनीच्या गार शोरूममध्ये बसून म्हणालास, टर्बोचा लॉटच खराब असेल, बदलून घे. घेतला बदलून. तोही गेला. मग म्हणालास, तूच काहीतरी विसरत असशील. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं रे! त्या दिवशी फोन आपटला तो त्या वाक्यामुळे. रेंज गेली नव्हती.

आणि हा दुसरा टर्बो कुठे गेला माहितेय? अर्ध्या चढावर. वरच्या गोठ्यात गाय अडली होती, आणि बाई रस्त्याच्या कडेला धुरात उभ्या. उरलेला चढ पायी चढून गेल्या. वासरू वाचलं, गाय नाही वाचली. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आवाज जराही चढवला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, की आता पुन्हा असं झालं तर माझा नाइलाज आहे, दुसरं गॅरेज बघावं लागेल. मी मान खाली घालून उभी राहिले. मी, दादा! तुला माझी मान माहितेय.

मग मी हट्टाला पेटले. तेलाची नळी काढून उभी चिरली. आत लाल रबरासारखे तुकडे अडकलेले. सांधे बुजवायची गॅस्केटची पेस्ट! सांध्यातून आत दबलेली, वाळलेली, तुटून वाहत आलेली आणि तेलाच्या तोंडाशी बुचासारखी बसलेली. आता तूच सांग, या गॅरेजमध्ये तेलाच्या नळीला पेस्ट कोण लावेल? तेलाच्या नळीला पेस्ट लावणारा मेकॅनिक म्हणजे डोळ्यात चुना घालणारा वैद्य, हे ऐकत आपण मोठे झालो. मी नळी विकणाऱ्याशी कडाकडा भांडले. तो बिचारा शपथा घेत होता. पाणी कुठे मुरतंय ते मला कळेना.

तिसरा टर्बो मी परवा बसवला. एकेक सांधा पुसून, वॉशरवर वॉशर तपासून. काल सकाळी गॅरेजला आले तर शटर आधीच वर. बाबा बॉनेटखाली वाकलेले, गुणगुणत, मजेत. तेलाची नळी सोडवलेली, आणि सांध्याला बोटाने लाल पेस्ट लावणं चाललेलं. किती नीट लावत होते सांगू! कडेने, न सांडता, जुन्या इंजिनांना लावायचे तशी. मला बघून म्हणाले, अगं, तेल झिरपत होतं, तू घाईत राहिलीस, मी लावून टाकलं. दादा, तेल झिरपत नव्हतं. सांधा कोरडा होता. टर्बो यायच्या आधीच्या काळात त्यांचा हात गेला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

मला जागच्या जागी रडू कोसळलं असतं, पण मी चिडले. मला तेच येतं. त्यांना चहाला पाठवलं आणि नळी काढून बाकावर धुवायला घेतली. तेवढ्यात बाई गाडी न्यायला आल्या आणि त्यांच्या मागोमाग बाबा. बाबांनी नळी उचलली, सांध्यावरची पेस्ट बघितली आणि भडकले. बाईंसमोर! कुठल्या गाढवाने हे केलं, एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं का, यानेच टर्बो मरतो हे तुला कळत नाही का. अगदी बरोबर सांगत होते रे, शब्द न् शब्द बरोबर. तीन टर्बो मी डोकं फोडून घेतलं, त्यांनी नळीकडे बघून क्षणात सांगितलं. आणि ओरडताना माझ्या तोंडासमोर जे बोट नाचवत होते, त्याच्या नखात ती लाल पेस्ट अजून ओली होती.

मी म्हटलं, मीच लावली बाबा, चुकलं. मग ते जरा निवले आणि बाईंना म्हणाले, पोरगी हल्ली निष्काळजी झालीय, माझा मुलगा इथे असता तर असं झालं नसतं. बाईंनी त्यांच्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी नळी बसवेपर्यंत थांबून चावीसाठी हात पुढे केला. गाडी आता ठीक आहे. नळी मी पुन्हा धुऊन, फुंकून, कोरडी बसवलीय, आणि तिची पुढची कामं बाईंच्याच दारात जाऊन करणार आहे.

आता बघते तर मागच्या खुणा दिसतायत. चाकांचे आवळलेले नट पुन्हा आवळणं, एकाच गाडीचं ऑइल किती घातलं ते परत परत विचारणं. मला वाटायचं, जुना माणूस, काळजी घेतो. तू गेल्या खेपेला म्हणालास की बाबांना आता घरी बसव, तेव्हा मी तुझ्या अंगावर धावून गेले होते. खूश होऊ नकोस, अजूनही मला ते पटत नाही. गॅरेज काढून घेतलं तर तो माणूस सकाळी उठेल कशासाठी? आज टर्बो आहे, उद्या कुणाचा ब्रेक असेल, हेही मला दिसतंय. आणि हो, सांगूनच टाकते, मला लागलं. एवढी वर्षं इथे ग्रीसमध्ये बरबटलेली मी आहे, आणि ते वाट बघतात तुझी.

तर पत्राचं कारण हे. तू ये. सल्ला नको, पैसे नकोत, तू ये. मी त्यांच्या पेटीतले नट-बोल्टचे पाने मागितले तर ते हिसकावून घेणं होईल. माझ्यासारख्या निष्काळजी पोरीला ते देणारही नाहीत. तू मागितलेस तर हसत देतील. त्यांच्यासमोर उभा राहा आणि म्हण, बाबा, आता तुमचे पाने मला द्या, तुम्ही खुर्चीवर बसून गाड्यांचा आवाज ऐका आणि आमच्या चुका काढा. ते पेटी पुसतील, एकेक पाना तुझ्या हातात ठेवतील, कुठला कशाचा ते सांगतील. नीट ऐक, घाई करू नकोस. त्यांना वाटू दे की गॅरेज मुलाकडे गेलं. आणि परत जाताना ती पेटी माझ्या बाकाखाली सरकवून जा. त्यांच्यासमोर नको.

तुझीच,
भांडकुदळ