चुलीवर वाळलेला ड्रेस

प्रिय आक्कास,

आज सिया शाळेत गेली, हसत गेली. ती एसटीत चढली आणि मला तू आठवलीस, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. माझं अक्षर तुला ठाऊक हाय, कोंबडीनं माती उकरल्यासारखं. सांभाळून घे गो.

सिया म्हणजे आपल्या महेशची मुलगी, माझी नात. तू गेलीस तेव्हा रांगत होती, आता पोलादपूरच्या शाळेत पाचवीला हाय. इथला पाऊस तुला काय सांगायचा? घरात गॅस आला, पण कपडे अजून चुलीवरच्या दांडीवरच वाळतात आणि धूर धरतात. वर्गातल्या दोघी तिला बघून नाक दाबायच्या, "धुरी आली" म्हणायच्या, तिचा डबा लपवायच्या.

तुला पण शाळेतल्या पोरी हेच म्हणायच्या ना? आणि आई तुलाच विचारायची, "बाकीच्या पोरींना कोण बोलत नाय, मग तुलाच का?" तू चौथीतच म्हशींमागे गेलीस. म्हातारपणीसुद्धा म्हणायचीस, माझंच कायतरी चुकलं असेल. काय चुकलं गो? पावसात परकर वाळवलास, हे?

सिया पण शाळा नको म्हणून बसली. सुनेनं सेंट आणला. तर दुसऱ्या दिवशी त्या दोघी म्हणाल्या, धुरी सेंट मारून आली. बघ, ज्याला चिडवायचंच हाय त्याला धूर पण चालतो नि सेंट पण.

मग मी गेले शाळेत, सुनेच्या नव्या चपला घालून. त्या चावल्या, ते जाऊ दे. बाई तशा चांगल्या हायत, पण म्हणाल्या, "आजी, टाळी एका हातानं वाजत नाही."

सिया माझ्या पदराशी उभी होती, ती हळूच बोलली, "बाई, टाळीला दोन हात लागतात. धपाट्याला एकच पुरतो."

बाईंनी सियाला जवळ बसवून सगळं विचारलं. मग त्या दोघींच्या आयांना बोलावणं गेलं. बाक बदलला तो त्यांचा, सियाचा नाय. येताना एसटीत मी एकटीच हसत होते, कंडक्टर बघत राहिला.

आज सकाळी सून सेंटची बाटली घेऊन उभी होती. सिया नको म्हणाली. माझ्या गळ्यात पडली तेव्हा ड्रेसला धुराचा वास होता. तुझ्या कुशीत झोपायचे तेव्हा यायचा तसाच.

संध्याकाळी तिला तुझी गोष्ट सांगणार हाय. आक्कानं शाळा सोडली, असं नाय म्हणणार. आक्काला शाळा सोडायला लावली, असं सांगेन. यापुढे या घरात तुझ्याबद्दल असंच बोलायचं.

तुझी धाकटी,
बेबी