मातोश्रींच्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी साहेब,
केंद्रीय अणुभट्टी प्रकल्प, मुंबई.

विषय : अर्जदाराच्या मातोश्रींच्या एका प्रश्नास उत्तर देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले दोन नकार.

महोदय,

१. अर्जदार डॉ. आकाराम जोतिबा खोत, मूळ राहणार मौजे तांबेवाडी, ता. शिराळा, जि. सांगली, सविनय सादर करतो की, तो परदेशातील प्राध्यापकी सोडून सन १९५४ मध्ये स्वदेशी परतला. प्रकल्पाच्या अणुभट्टीचा पहिला आराखडा ज्या चौघांनी गळक्या शेडमध्ये बसून काढला, त्यांपैकी तो एक. बाकीचे तिघे सुटले. दोघे निवृत्त झाले, एक वारले. अर्जदाराचे तीन राजीनामे मात्र 'राष्ट्रहितास्तव' परत आले. आता गावी जायचे तरी त्याच्यासोबत पहाऱ्याचा एक शिपाई असतो. याबद्दल तक्रार नाही. जू मानेवर घेतल्यावर नांगर जड म्हणून कसे चालेल?

२. अर्जदाराच्या मातोश्री हरणाबाई (वय सुमारे ७८, निरक्षर) यांना त्याने एवढेच सांगितले होते की, आपण वीज तयार करतो. ते खोटे नव्हते. परंतु गावाने मनानेच त्याला वीज कचेरीत बसविले. सरपंच लालासाहेब दरवर्षी हुरड्याची पिशवी घेऊन मुंबईस येत व वाडीला खांब मागत. अर्जदाराकडे खांब नव्हते आणि का नाहीत हे सांगण्याची मुभाही नव्हती. गावात त्याची किंमत कवडीची झाली. पुढे सन १९७२ मध्ये दुसऱ्याच कोणाच्या खटपटीने वाडीत वीज आली, तेव्हा मातोश्रींनी जोडणी घेतली नाही. माझ्या आकारामची वीज येईल तेव्हाच दिवा लागेल, असे त्यांनी वायरमनला सुनावले. शेजारच्या भिंतीपर्यंत तार आहे; मातोश्रींच्या घरात आजही रॉकेलची चिमणी आहे.

३. म्हणून अर्जदाराने खरे काम एका वाक्यात सांगण्याची पहिली परवानगी मागितली. आपल्या कार्यालयाने नमुना धाडला. त्यात 'सदर व्यक्तीस माहिती समजेल काय?' असा रकाना होता. अर्जदाराने 'नाही' लिहिले, तर न समजणाऱ्यास सांगण्याचे प्रयोजन काय, असा शेरा आला. दुसऱ्या अर्जात 'होय' लिहिले, तर समजणाऱ्यास सांगणे धोक्याचे, असा शेरा आला. तिसरा पर्याय नमुन्यात नाही.

४. मध्यंतरी साध्या वेशातील दोन गृहस्थ चौकशीस वाडीत गेले. हरणाबाई परदेशी रेडिओ ऐकतात काय, त्यांना पत्रे कोणाची येतात, असे त्यांनी घरोघर विचारले. गावाने तर्क बांधला की, आकारामने सरकारी तार विकून खाल्ली. ज्या अंगणात चाळीस वर्षे बायकांनी नागपंचमीचा फेर धरला, तिकडे यंदा कोणी फिरकले नाही. अर्जदार त्या दिवशी रजेवर घरीच होता. गाणी त्याला शेजारच्या आळीतून ऐकू येत होती. त्याला फार लाज वाटली.

५. त्या दिवशी मातोश्रींनी शिपायाला चहाच्या निमित्ताने चुलीपाशी धाडले व अर्जदारास जवळ बसविले. मे महिन्यात वाळवंटात जमिनीखाली स्फोट झाल्याची बातमी त्यांनी मोहिद्दीन शिंप्याच्या दुकानी रेडिओवर ऐकली होती, आणि त्याच सुमारास दोन महिने अर्जदाराचे पत्र आले नव्हते. त्या म्हणाल्या, "आकाराम, तू तारा जोडत न्हाईस ते मला ठावं हाय. काय करतूस ते इचारत न्हाई. तू करतूस त्यानं मानसं जगत्यात न्हवं? बोलू नगंस. निस्ती मान हलव."

६. हावभाव हेही माहिती उघड करणेच होय, असे आपले परिपत्रक असल्याने अर्जदार मान ताठ धरून बसून राहिला. मातोश्री बराच वेळ त्याच्या मानेकडे पाहत होत्या. मग त्यांनी चहा निवतोय म्हणून सांगितले. त्यानंतर त्यांनी अंथरूण धरले असून, संक्रांत पाहतील असे वाटत नाही, असे शिराळ्याच्या डॉक्टरांनी लिहिले आहे.

७. तरी एका वाक्याची मूळ मागणी मागे घेऊन, अर्जदारास मातोश्रींसमोर एकदाच, शिपायाच्या उपस्थितीत, मान हलविण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

८. परवानगी पत्रात मान उभी हलवावी की आडवी, याचाही स्पष्ट उल्लेख व्हावा. अर्जदाराने या कामात वीस वर्षे घातली. पंचमीपासून तो रोज आरशासमोर उभा राहून पाहतो. त्याची मान हलत नाही.

आपल्या आज्ञेत, व आईच्या उत्तराचा देणेकरी,

(सही)
आकाराम जोतिबा खोत
मुंबई, दि. २ डिसेंबर १९७४

सोबत : १) डॉक्टरांच्या पत्राची नक्कल. २) भरलेला नमुना, 'समजेल काय' हा रकाना रिकामा ठेवला आहे.