सुमनची वाटी

१२ जून
तेरावं झालं. पाहुणे गेले. डेअरीवर गोळीबार झाला त्या दिवसापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून पिठलं-भाकरी येत होती. चारही घरांना. गावानं काही कमी पडू दिलं नाही. आज मी चूल पेटवली, आणि सवयीनं ह्यांच्या वाटणीची भाकरीही थापली गेली. सासूबाई बघत होत्या. शेवटी गाईला घातली.

१६ जून
डेअरी बंदच. त्या ओट्यावर कॅन घेऊन उभं राहायला कुणी तयार नाही. घरोघर दूध उरतंय, गावभर दहीच दही. पुढारी येऊन गेले, पत्रकार येऊन गेले. आता म्हणे डेअरी वेशीबाहेर नेणार. न्या.
ह्यांचा कॅन अजून पोलिसांकडं. झाकण नीट बसायचं नाही, हे चिंधी लावायचे. मला तो कॅन पाहिजे.

२१ जून
पलीकडं बादलीचा आवाज आला. सुमन माहेराहून परत आली. तिच्या भावानं म्हैसपण आणून बांधली. भिंतीला भिंत, कळणारच.
गोळ्या झाडणारा तिचाच नवरा. जेलात आहे. वॉचमनकीची बंदूक, बांधाचं भांडण एकाशी, आणि मारली चार माणसं. हे तर त्या भांडणात नव्हतेच. दूध घालायला गेले होते नुसते.
सासूबाईंनी बाज फिरवून भिंतीकडं पाठ केली.

२७ जून
कुणी ठराव केला नाही, पण सु.शी कुणी बोलत नाही. गिरणीवाला तिला म्हणाला, "लाइट न्हाय." माझं दळण तेव्हा चालू होतं.
मला तिचा राग येतो. बंदूक घरात होती, त्याचं डोकं फिरलेलं तुला दिसत नव्हतं का गं? एकदा तोंडावर विचारायचंय. आणि विचारून झालं की तिच्याच गळ्यात पडून रडायचंय. दुसऱ्या कुणाजवळ रडूच येत नाही.

४ जुलै
दही लावताना हात थांबला. हे विरजण मुळात सु.चं. मी नवी नवरी होते, तिनं भिंतीवरून वाटी दिली होती. तेव्हापासून आमचं नासलं की तिच्याकडून, तिचं नासलं की आमच्याकडून. हे म्हणायचे, "दोन घरांत मिळून एकच दही हाय बग तुमचं."
सकाळी दह्यात भाकरी कुस्करून खायचे. मिशीला लागलेलं तसंच. मी मुद्दाम सांगायची नाही, डेअरीवर सगळे हसायचे. घरी येऊन माझ्यावर डाफरायचे.
त्या दिवशीपण सांगितलं नव्हतं.
सुतकात माझं कशातच लक्ष नव्हतं. सासूबाईंनी रोज न चुकता विरजण लावलं, म्हणून ते टिकलं.

११ जुलै
पलीकडं धारेचा आवाज येतो, रवीचा नाही. घर इतके दिवस बंद, तिचं विरजण गेलं असणार. गावभर दही आणि तिला वाटीभर मागायला दार नाही.
मागेल का? रोज वाट बघते. आपणहून द्यायला हात होत नाही. हे असते तर म्हणाले असते, "दे की, तिनं काय केलंय?" म्हणाले असते ना?

१६ जुलै
दिवेलागणीला भिंतीवर वाटी वाजली. सु. उभी. किती वाळलीय! डोळ्याला डोळा देईना. माझ्या ओठावर तोच प्रश्न आलेला.
मागं सासूबाई देवापुढं दिवा लावून वळल्या. तिला बघितलं.
"दिवं लागलं. आता इरजण देत न्हाईत," त्या मला म्हणाल्या. तिला नाही. आणि आत जाता जाता, "सकाळी ये म्हणावं तिला."
मी सांगितलं. सु. पदर तोंडात कोंबून गेली. वाटी भिंतीवरच राहिली.
आज मोठ्या पातेल्यात दही लावलंय. ती आली तर आधी विचारू, का आधी वाटी भरू?