सड्यावर राहिलेले आबा

सोम., १२ ऑगस्ट

सकाळपासून एकच मोटार वाइंडिंगला घेऊन बसलोय, तार तीनदा तुटली. गिऱ्हाईक म्हणालं, "संभादादा, ताप हाय का?" व्हय म्हणालो.

कालचं लिहून ठेवतो. कुणाला दाखवायचं नाही. पण डोक्यात ठेवून झोप येईना.

वाघापूरचा सडा, डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार. आमची रविवारी डोंगर फिरणारी टोळी, मला धरून सतरा जण. पुढं शिट्टी घेऊन शिंदे मॅडम, हायस्कूलात पीटी शिकवतात त्या. सगळ्यांच्या मागं मी. मागं कुणी राहू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. टोळीत मला शेपूट म्हणतात. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. पवनचक्क्या दिसत नव्हत्या, डोक्यावर नुसती पात्यांची घरघर.

आबांचा गुडघा धरला. आबा म्हणजे रिटायर हवालदार, मूळचे आष्ट्याचे, आता कराडात मुलाकडं. वय सत्तर, पण वाट विचारायची तर सगळे त्यांनाच विचारतात. पुढं ओढा फुगलेला, मॅडम शिट्टीवर शिट्टी देतायत. मी म्हणालो, "आबा, ह्या दगडावर बसा. हलू नका. बाकीच्यांना पार करून येतो." पाणी मापायला त्यांची काठी घेतली, माझी आखूड पडत होती. "जा गड्या, मी हाय हितंच," म्हणाले.

सगळे पार झाले. पाऊस आडवा सुटला. सगळे गाडीकडं पळाले, त्यांच्यामागं मीही पळालो. विसरलो. दुसरा शब्द नाही. माणूस दगडावर बसवला आणि विसरलो.

गाडीत बसायच्या आधी प्रत्येकानं काठी टेम्पोच्या मागं टाकायची आणि मी काठ्या मोजायच्या, हा आमचा नियम. माणसं मोजायला गेलं की कुणी वडे आणायला जातं, कुणी झाडाआड. काठ्या जाग्यावर राहतात. सतरा भरल्या. त्यातल्या दोन मीच टाकलेल्या, माझी आणि आबांची. "पूर्ण!" म्हणून मॅडमना ओरडून सांगितलं. गाड्या दोन. ह्या गाडीला वाटलं, आबा त्या गाडीत.

उंब्रजला चहाला थांबलो तवा कळलं.

परत जाऊन साडेतीन तास शोधलं. सापडले ते दगडापासून लांब, एका पवनचक्कीच्या बुडाशी. एका पायात बूट नाही, दात वाजतायत. मॅडमनी विचारलं, "आबा, कुठं गेला होता?" आबा म्हणाले, "मलाच कळंना." मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारं भरकटलं. मी ब्लँकेट गुंडाळत होतो. तोंड उघडलं नाही.

गुरु., १५ ऑगस्ट

आबांकडं जाऊन आलो. झेंडावंदनाला गेले नव्हते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताप उतरलाय. त्यांना दगड आठवत नाही, ओढा आठवत नाही, नुसती घरघर आठवते. ऐकून आधी मला बरं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

म्हणाले, "संभा, खरं सांग. मी का हटलो रं वाटंवरनं? उभ्या नोकरीत जागा सोडली न्हाई कवा. मग आत्ताच कशी सोडली?"

तिथंच सांगायला पाहिजे होतं. तेवढ्यात त्यांचा मुलगा विजय चहा घेऊन आला. "दादा, तुमी हुता म्हणून सापडले," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. चहा तसाच गरम गिळला. जीभ पोळली.

रवि., २२ सप्टें.

कास. फुलं बघायला ही गर्दी. मी फुलं बघितलीच नाहीत. आता माणसं मोजतो, खांद्याला हात लावून. लोक हसतात, शेपटाला वेड लागलं म्हणतात. दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. माझा धरून सोळा खांदे. विजयनं आबांना सोडलं नाही.

ढग खाली उतरले. मॅडमना म्हणालो, चला, परत फिरू. "अहो दादा, ऊन पडलंय की!" म्हणाल्या. खरंच पडलं होतं.

रवि., १७ नोव्हें.

आबा आले! वसंतगड. घराजवळचा गड म्हणून विजय कबूल झाला, तेही एका अटीवर. निघताना मला बाजूला घेतलं. "दादा, फक्त तुमच्या भरवशावर सोडतोय. नजरंआड करू नका." मी मान हलवली. कुठल्या तोंडानं हलवली देव जाणे.

आबांच्या खिशात छोटी वही. चढताना थांबले तेव्हा काढली आणि वाचली. मला वाटलं हिशोब असेल. म्हणून डोकावलो. लिहिलं होतं: वसंतगड. मॅडम पुढं. संभा मागं. संभाला सोडायचं नाही.

घरी येऊन जेवलो नाही.

रवि., २९ डिसें.

दातेगड. थंडी बोचरी, बोटं वळेनात. ह्या गडाची पहिली वाट टोळीला आबांनीच दाखवली होती. आज फाट्यावर आले आणि उभे राहिले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. माझ्याकडं वळून हळूच, "डावीकडंच न्हवं?"

डावीकडंच. त्यांना माहीत होतं. नुसती माझी मान हलायची वाट बघत होते.

वर भाकरी खाताना चेष्टा सुरू झाली. "आबा, घरचा पत्ता सांगा बघू! सुनंचं नाव काय?" आबा हसले. सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायचं नव्हतं, पण हसलो हे खरं.

उतरताना आबा हात धरून चालत होते. आधी कधी धरला नव्हता.

शनि., ११ जाने.

सुमनला सांगितलं. बायकोपासून पाच महिने लपवलं. ती भाजी निवडत होती, हातातली जुडी तशीच राहिली.

"आवं, मग सांगा की! त्या माणसाला येडं ठरवाय निघालीत सगळी, आन् तुमी मोटारी गुंडाळत बसलाय?"

म्हणालो, सांगितलं तर विजय काय करंल?

"मारंल एकदा. खावा की."

माराचं काय नाही. मॅडम, टोळी, बाजारातले लोक, सगळे म्हणतील, म्हातारा डोंगरावर टाकून आला आणि वर तोंड शिवून बसला. आणि ते खरं आहे. ह्याचीच भीती.

रवि., १९ जाने.

विजयच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं. आतून आबा मोठ्यानं काहीतरी पाठ म्हणत होते. नातवंडांची नावं, वाढदिवस, फोन नंबर. स्वतःचीच उजळणी.

बोट काढलं. आलो परत. थू माझ्या जिंदगानीवर.

मंगळ., १८ फेब्रु.

आबांना सांगलीला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. मलाही नेलं, आबांनीच हट्ट धरला. डॉक्टरांनी कागद दिला, घड्याळ काढा म्हणाले. आबांनी काढलं. काटे अगदी बरोबर. पण पेन खाली ठेवेनात. माझ्याकडं बघून, "बरोबर हाय न्हवं?"

डॉक्टरांनी विजयला विचारलं, कधीपासून?

"ऑगस्टपासून. सड्यावर भरकटले तवापासून."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत. माझं खोटं आता डॉक्टरच्या कागदावर गेलं. उठून ओरडावंसं वाटलं, उठलो नाही. गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी या म्हणाले.

परतताना विजय म्हणाला, आबांच्या स्कूटरची चावी काढून घेतलीय. पाडवा झाला की बहिणीकडं पुण्याला ठेवणार. चौथा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. "तिथं कुठं जाणार न्हाईत." आबा मागं बसलेले. ऐकलं असणारच. उसाच्या ट्रॉल्या मोजत होते, मोठ्यानं.

रवि., ९ मार्च

सागरेश्वर. आबांचा शेवटचा डोंगर. विजयनं त्यासाठीच सोडलं.

ऊन नऊ वाजताच कडक. माथ्यावर बाकीचे पुढं गेले, आम्ही दोघंच मागं. खाली सगळा ऊस, मधनं कृष्णा. म्हणालो, आबा, बसा. बसले. सुरू केलं ते थांबलो नाही. दगड सांगितला, ओढा सांगितला. "मीच म्हणालो हलू नका. मीच काठी नेली. मीच विसरलो. तुमी भरकटला नव्हता आबा. तुमी तासभर तरी वाट बघितली असणार, मग थंडीनं उठला असणार. तुमच्या डोक्याला काय झालेलं नाही. चूक माझी."

आबा ऐकत राहिले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी.

"लय जीव लावलास गड्या. पोटचा पोरगा बोलला न्हाई असं बोललास. पण माझ्यापायी तू कशाला अंगावर घेतोस?"

"आबा, खोटं नाही हे!"

"मला आठवतंय रं. आता समदं आठवतंय. तू ओढ्याकडं हुतास. मला वाटलं खालनं पोरं हाका मारत्यात. मी उठलो आन् चाललो. चूक माझीच हुती. तुला काय म्हाईत?"

पोरांच्या हाकांचं कुणीच कधी बोललं नव्हतं. ते कुठून आलं? सात महिने सगळ्यांनी भरकटला, भरकटला म्हटलं, त्यावर त्यांनी स्वतःच एक वाट बांधली. आणि आता तीच खरी वाट झालीय त्यांची. आईची शप्पथ घेतली, पाया पडलो. पाठ थोपटत राहिले. "बरं बरं. तू म्हणतोस तसं." लेकराला समजावतात तसं म्हणाले.

असली भीती धुक्यातपण वाटली नव्हती.

सोम., १० मार्च

सुमन म्हणाली, आता विजयला सांगा, मॅडमना सांगा, सगळ्यांसमोर सांगा. सकाळी विजयला फोन केला. म्हणालो, दुकानावर ये, आबांचं बोलायचंय, डॉक्टरांनाही सांगावं लागेल. तो म्हणाला, "आबा कालपासनं सगळ्यांना सांगत सुटलेत, संभा माझ्यासाठी गुन्हा अंगावर घेतोय म्हणून. घरात सगळे रडले दादा. कशाला एवढं?"

तरी ये म्हणालो.

काठ्या कशा मोजल्या, कोण कुठल्या गाडीत होतं, मॅडमना काय म्हणालो, सगळं कागदावर काढून ठेवलंय. पुरावा म्हणून. वाचून बघितलं तर मलाच रचल्यासारखं वाटतंय. सही केली खाली.

अकरा वाजले. बाहेर मोटारसायकल थांबली. विजय आहे. मागं आबा बसलेत, मला हात करतायत.