पहिल्या बाकावरची पर्स

प्रिय भोंगू,

पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लिहिलं, मग खोडलं. खाडाखोड बरी दिसेना म्हणून पाकीट बदललं आणि नव्या पाकिटावर पुन्हा ‘रेव्हरंड’च लिहिलं. म्हणजे घरातलं एक पाकीट वाया गेलं, ही पहिली बातमी. दुसरी, माझा गुडघा आता बरा आहे. तिसरी, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय, आणि त्या नळाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. तीन मुद्दे केल्याशिवाय मला कशालाच हात घालता येत नाही, हे तुला माहीत आहे. गेली दोन वर्षं आपण फोनवर फक्त हवेबद्दल बोलतो. तू विचारतेस, तिकडे ऊन आहे का. मी म्हणतो, आहे. मग मी विचारतो, तुझ्याकडे आहे का. ऊन संपलं की फोन संपतो. तू सहा महिन्यांची असताना माझ्या उपदेशात असं भोकाड पसरायचीस की मी तुझं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि आता आपल्यात ही शांतता. ती माझ्यामुळे आहे, म्हणून पत्रही मीच लिहितोय.

तुला सांभाळायला स्वतःच्या चर्चची मंडळी मिळाली तेव्हा तुझी आई दोन दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे आली, त्याला आज अकरा आठवडे झाले. जाताना एक लहान बॅग आणि ती तपकिरी पर्स, एवढंच नेलं. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी होती, की अहो, अंडी वरच्या कप्प्यात आहेत, आपली पोरगी व्यासपीठावर उभी राहते आणि तिच्या पहिल्या बाकावर कुणीच बसत नाही असं कळलं, तर मी जाऊन येते. गेली खरी, यायचं राहिलं आहे. आता मी रोज अंडी खातो आणि शेजारीपाजारी माझ्याकडे दयेने बघतात. निवृत्त पाळकाची बायको नवऱ्याला टाकून दुसऱ्या पाळकाकडे राहायला गेली असं कुणी म्हणालं, तर मला ते खोटंही म्हणता येत नाही.

ती पर्स काय चीज आहे हे तुला एव्हाना कळलं असेल. मला कळायला दोन वर्षं लागली. पाळक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी सहनशीलतेवर सत्तर मिनिटं बोललो होतो. तिसऱ्या बाकावर घड्याळं दुरुस्त करणारे काका इतक्या जोरात घोरायला लागले की त्यांची बायको त्यांना हलवून हलवून थकली आणि शेवटी स्वतःच उठून बाहेर गेली. पुढच्या रविवारी तुझी आई मागची जागा सोडून पहिल्या बाकावर आली, ती मी निवृत्त होईपर्यंत माझ्या उपदेशाला तिथून हलली नाही. पर्स तिच्या उजव्या हाताला असली की सगळं ठीक चाललं आहे. मांडीवर आली की माझा आवाज पडलाय. डाव्या हाताला गेली की पाच मिनिटं उरली. आणि तिचं ते पितळी तोंड टक् करून मिटलं की खेळ खलास, मी असेन तिथून धावत आमेन गाठायचो. एकदा तर जहाज भर वादळात असतानाच आमेन म्हणून मोकळा झालो, आणि लोक दारात मला विचारत होते की जहाजाचं पुढे काय झालं. या पर्सबद्दल आम्ही घरी एकतीस वर्षांत एक अक्षर बोललो नाही. उलट तरुण पाळकांच्या शिबिरात मी छाती पुढे काढून सांगायचो, की कुठे थांबावं हे पाळकाला आतून कळतं. आतून कसलं, समोरून कळायचं, आणि त्याला खांद्याला लावायचा पट्टा होता.

आता मतदानाचं सांगतो. तुला ते दुसऱ्यांकडून कळलं, माझ्याकडून नाही, हे मला फार टोचतं. बायकांना पाळकपदाची दीक्षा द्यावी का यावर सभा भरली तेव्हा तुझं शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं आणि माझं नोकरीचं. मी उभा राहिलो. तीन मुद्दे केले, प्रत्येकाला एकेक शास्त्रवचन जोडलं. म्हणालो, भगिनींची सेवा आधीच केवढी मोठी आहे, त्यात व्यासपीठाचं ओझं त्यांच्यावर कशाला. हे मी बोलत होतो तेव्हा भगिनी मागच्या खोलीत ऐंशी कप विसळत होत्या. आजाऱ्यांच्या घरी जाणं त्यांच्याकडे, रविवारची शाळा त्यांच्याकडे, गायनवृंद, फुलं, पडदे, कुणाचं घरात बिनसलं की मध्ये पडणं, सगळं त्यांच्याकडे, आणि ओझं म्हणे माझ्याकडे. इस्पितळात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की घरचे आधी तुझ्या आईला बोलवायचे. मी झगा शोधून, चष्मा पुसून पोहोचेपर्यंत तिची प्रार्थना झालेली असायची, माझ्या वाट्याला आमेन उरायचं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी, तरी मी विरोधात हात वर केला. आम्हा पाच जणांना न जुमानता ठराव आरामात मंजूर झाला आणि चहा आला. माझ्या कपात साखर नव्हती. शेजारच्या पंचांना हळूच विचारलं, तर त्यांच्या कपात होती. त्या रविवारी तुझी आई पहिल्या बाकावर बसली, पण पर्स घरी ठेवून, हाताची घडी घालून. मी पन्नास मिनिटं बोललो. पुढच्या रविवारी पर्स परत आली, पण दया तिला माझी आली नव्हती, मंडळीची आली होती.

मग तुझा दीक्षाविधी. तू आम्हाला पहिल्या रांगेची दोन आमंत्रणं पाठवलीस. मी कळवलं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय आणि प्लंबरने नेमकी तीच वेळ दिली आहे. तुझी आई एकटी आली, आणि मी दिवसभर त्या नळासमोर खुर्ची टाकून बसलो. प्लंबर आला नाही, कारण मी त्याला बोलावलंच नव्हतं. त्यानंतरही कधी बोलावलं नाही. नळ दुरुस्त झाला असता तर माझ्याकडे तेवढीसुद्धा सबब उरली नसती. दोन वर्षं मी त्याच्याखाली पातेलं ठेवतो आणि भरलं की ओततो.

गेल्या महिन्यात इथल्या तरुण पाळकांचा घसा बसला आणि त्यांनी मला उपदेश करायला बोलावलं. मी नवरदेवासारखा तयार झालो. झग्याला दोनदा इस्त्री केली, तीन मुद्दे सहा कार्डांवर काढले. व्यासपीठावर चढलो, सवयीने पहिल्या बाकाकडे पाहिलं, तर बाक रिकामा. उजवीकडे काही नाही, डावीकडे काही नाही. बोलायला लागलो ते लागलोच. आवाज पडतोय का कळेना, लोक जागे आहेत का कळेना, आणि थांबायचं कुठे हे तर मला कधी माहीतच नव्हतं. पंचावन्न मिनिटं झाली. मी चौथ्यांदा ‘आता शेवटचा मुद्दा’ म्हणालो आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी, ज्यांनी वीस वर्षांत माझ्यासमोर मान वर केली नव्हती, माझं वाक्य अर्धं असतानाच शेवटच्या गीताला सुरुवात केली. अख्खी मंडळी ताडकन उभी राहिली. इतक्या उत्साहाने ती माझ्या कुठल्याच हाकेला उभी राहिली नव्हती. दारात मी हात मिळवायला थांबलो, तर उपदेश कसा झाला हे कुणी बोलेना. जो तो एकच विचारत होता, पाळकीणबाई परत कधी येणार.

घरी आल्या आल्या तुझ्या आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पर्सचं नाव काढलं. म्हणालो, उजवं-डावं एक वेळ मी सांभाळलं असतं, पण ते टक् ऐकू आलं नाही ना, म्हणून थांबताच येईना. ती म्हणाली, कसलं टक्? मी समजावून सांगितलं. मग म्हणाली, अहो, तुम्हाला थांबवायला मी पर्स कधीच मिटली नाही. तुम्ही कार्डं बाजूला ठेवून मनापासून बोलायला लागलात की मला रडू यायचं, मी रुमाल काढायची, डोळे पुसून परत ठेवायची आणि पर्स मिटायची. आणि नेमके तेव्हाच तुम्ही आमेन म्हणून खाली उतरायचात. इतकी वर्षं मला कोडं पडलं होतं, की हा माणूस रंगात आला की पळतो का. भोंगू, मी फोन ठेवून सरळ नळासमोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. सगळी नोकरी मी चांगलं बोलायला लागलो की गप्प बसण्यात घालवली, आणि मला वाटत होतं की गप्प बसायला बायको सांगते आहे. तिने मला कधीच गप्प बसवलं नाही. मी मात्र तुला बसवायला निघालो होतो, तेही मुद्देसूद.

त्यामागचं खरं कारण मी सभेत सांगितलं नव्हतं. तू शिकत असताना सुट्टीत एकदा आपल्या मंडळीत बोलली होतीस, आठवतं? मी आतल्या खोलीत दाराला कान लावून उभा होतो. तू नऊ मिनिटं बोललीस. हातात कागद नव्हता, आणि आई त्या दिवशी गायनवृंदात होती, म्हणजे समोर पर्सही नव्हती. घड्याळवाले काका, जे आता आजोबा झाले होते, तेही घोरले नाहीत. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पोटात हेवा होता. वचनं मी नंतर शोधली.

तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी आहे आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीन रविवार घराबाहेर पडायचं नाही असं बजावलंय. म्हणजे तुझा पहिला बाक तीन रविवार रिकामा. मी चाचरत तिला म्हटलं, मी येऊ का. ती म्हणाली, पर्स देईन, पण परवानगी पोरीची घ्यायची, आणि पत्राने, कारण फोनवर तुम्ही ऊन काढता. म्हणून हे पत्र. माझं चुकलं, बाळा. याला मुद्दे नाहीत आणि वचनही जोडत नाही. प्लंबर उद्या सकाळी नऊला येतोय, या वेळी खरंच बोलावलंय, तेव्हा सबबही उरली नाही. तू हो म्हणालीस तर मी ती पर्स घेऊन तुझ्या पहिल्या बाकावर बसेन. लोक हसतील, हसू देत. उजवीकडे, मांडीवर, डावीकडे, सगळं तुझ्या आईसारखं चोख करीन. फक्त पर्सचं तोंड मी उघडंच ठेवणार आहे. मला रुमाल सारखा लागेल, आणि माझ्या टक्ने तू एकदाही थांबायला नकोस. तू बोल, भोंगू.

तुझाच, आणि तू म्हणशील तर तुझ्या मंडळीतलाही,
बाबा