टेंभी नाक्यावरची फ्लूआई

रविवार, २ जून १९५७. सकाळी ७-१०.
निश्चय झाला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या एक्झिबिशनला माझं चित्र जाणार म्हणजे जाणार. विषय 'श्रमदेवता'. मॉडेल गोदा भाजीवाली. माजिवड्याहून डोक्यावर पाटी घेऊन येते, पण दारात उभी राहिली की वाटतं दारच ठेंगणं झालं. भव्य कपाळ. करारी हनुवटी. रोज अर्धा तास पोझ द्यायला कबूल झाली आहे. चौदा वर्षं ठाण्याच्या पोरांना पेरू आणि तांब्या काढायला शिकवले. या ड्रॉईंग मास्तराच्या आत कोण दडलंय ते आता कळेल सगळ्यांना.
वासंतीला सांगितलं. नवऱ्याच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या क्षणी बायकोने काय म्हणावं? "मधल्या खोलीत रंग सांडू नका."

मंगळवार, ४ जून.
पहिलं स्केच. डोळे जमले. गोदा वीस मिनिटांत तीनदा शिंकली. मी म्हटलं, हलू नकोस. ती म्हणाली, "मी कुठं हालतंय मास्तर, शिंक हालवते."
पेपरात एशियन फ्लूचं आलंय. मुंबईत ऑफिसं ओस पडलीत म्हणे. पण मुंबई इथून वीस मैल. शिवाय मी रोज सकाळी गार पाण्याने आंघोळ करतो. (उद्यापासून.)

शुक्रवार, ७ जून.
गोदा तीन दिवस नाही. आज तिची जाऊ, शकू, पाटी घेऊन आली. गोदाला सणकून ताप, अंथरुणातून उठवत नाही, अर्धा पाडा आडवा झालाय. वासंतीने लगेच डबाभर पेज करून शकूबरोबर पाठवली, वर तापावरच्या एपीसीच्या गोळ्या. मीही चिठ्ठी पाठवली. 'लवकर बरी हो. चेहरा फार उतरू देऊ नकोस.'
शकूची हनुवटी पाहिली. कामाची नाही.

रविवार, ९ जून.
शाळा आठ दिवस उशिरा उघडणार, नोटीस आली. मॉडेल नाही, विद्यार्थी नाहीत, वाण्याकडे गेलो तर तोही खोकतोय. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी लगेच प्लॅन बदलला. स्टिल लाइफ! दोन वांगी, एक दुधी, पितळी तांब्या. नाव 'साथीतील शांतता'.
११-३०. हात धुऊन आलो तेवढ्यात दुधी आणि वांगी गायब. वासंती म्हणाली, आज दारावर भाजी आलीच नाही, मग काय करू? तांब्या उरला. तांब्या मी पुन्हा काढणार नाही.
दुपारी ३. सेल्फ पोर्ट्रेट. आरशासमोर दोन तास. नजरेत एक प्रकारची वेदना आणली. वासंती चहा घेऊन आली, बघत राहिली. म्हणाली, "मामंजींचा काढताय होय? अगदी दिसताहेत."
कॅनव्हास उलटा करून ठेवला.

बुधवार, १२ जून.
महिपतराव आले होते. रिटायर्ड ओव्हरसियर, आता आमच्या भागातल्या फ्लू निवारण कमिटीचे चेअरमन. उंबऱ्याबाहेरच थांबले, नाकाशी निलगिरीचा रुमाल. टेंभी नाक्यावर कमिटीला मोठा पत्र्याचा फलक लावायचाय. सहा फूट बाय चार. त्यावर तीन ओळी. खोकताना तोंडावर रुमाल धरा. ताप आल्यास घरी राहा. गर्दी टाळा. "लांबून वाचता आलं पाहिजे मास्तर, एवढंच," असं तीनदा म्हणाले.
बोर्ड रंगवायचे! मी! मनातल्या मनात नकार दिला. पण तोंडाने होकार गेला होता. नंतर विचार केला. लोक एक्झिबिशनला येऊ शकत नाहीत, तर एक्झिबिशनने लोकांकडे जावं. सहा बाय चार ही काही लहान साइज नाही. चित्राबद्दल महिपतरावांना आत्ताच बोललो नाही. बघू दे एकदम.

शुक्रवार, १४ जून.
दोन दिवस पाठ टेकली नाही. पण काय उतरलंय! गोदा, स्केचवरून. पदर नाका-तोंडावरून घट्ट. एक तळवा पुढे, 'थांबा!' डोळ्यांत अंगार. डोक्यामागे उगवता सूर्य. पायाखाली फ्लू, हिरवट, दोन शिंगं.
तीन ओळींना जागा कमी उरली. शिवाय अक्षरं हा काही चित्रकाराचा प्रांत नव्हे. वासंती म्हणाली, मी काढू का? काढ म्हटलं. खालच्या दीड फुटात तिने दुपारभर बसून लिहिलं. तिची अक्षरं तिच्या पोळ्यांसारखी, एकाला झाकावं आणि दुसरं काढावं. तिचं मन मोडू नये म्हणून 'ठीक' म्हटलं. वाचणार कोण आहे?

शनिवार, १५ जून.
फलक उभा राहिला. महिपतरावांनी वरपासून खालपर्यंत पाहिला. म्हणाले, "रुमाल दाखवायचा होता, मास्तर." मी म्हटलं, पदर हाच आपल्याकडचा रुमाल. ते शिंकले आणि गेले.

रविवार, १६ जून. सकाळी ८.
लोक थांबतात! मी पानवाल्याच्या आडोशाला उभा राहून मोजले. पाऊण तासात एकतीस माणसं थांबली. एका म्हातारीने चपला काढल्या. एकाने तर हात जोडले. हे भाग्य कुठल्या चित्रकाराला जिवंतपणी मिळालंय?
कोणीतरी विचारलं, हे कुणाचं? मी पुढे झालो. पण शेजारच्याने आधीच सांगून टाकलं, "फ्लूआईचं."
नाव वाईट नाही. 'श्रमदेवता'पेक्षा लोकांच्या तोंडात बसतंय.

सोमवार, १७ जून.
शाळा उघडली. वर्गात अकरा पोरं. त्यांना कलेच्या सामर्थ्यावर पाऊण तास सांगितलं. चौघं खोकत होती, बाकीची ऐकत होती असं धरतो.
संध्याकाळी नाक्यावर गेलो. नारळ, उदबत्त्या, झेंडूचे हार. हारांची रास एवढी की खालची अक्षरं पार झाकली. 'गर्दी टाळा' दिसतच नाही. पण चित्र पूर्ण दिसतंय. गर्दी टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत.
महिपतरावांनी मला बाजूला घेतलं. "अहो मास्तर, इथे निम्मे लोक तापलेले आहेत. नवस बोलायला येताहेत आणि ताप वाटून घेऊन जाताहेत." मी म्हटलं, श्रद्धेचा जोर आहे, चार दिवसांत ओसरेल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला जिना चढेपर्यंत ती नजर पाठीवर जाणवली.
त्यांना चित्रातलं कळत नाही.

मंगळवार, १८ जून.
दुपारी गोदा आली. शकूचा हात धरून. निम्मी झाली आहे बिचारी. पेजेसाठी वासंतीच्या पाया पडायला आली होती. मी म्हटलं, चल, तुला गंमत दाखवतो. वासंती नको म्हणत होती, एवढं चालवू नका तिला. पण मला राहवेना.
नाक्यावर पोचलो. गोदाने बघितलं. आधी कळलंच नाही तिला. मग कपाळाला हात लावून अशी हसली की खोकल्याची उबळ आली. "आगं आय! मना जिवंतपनीच देवी केलास की रं मास्तर!"
तेवढ्यात एक बाई आली. कडेवर तीन-चार वर्षांची पोर, तापाने डोळे अर्धे मिटलेले. बाईने पोरीचं कपाळ पत्र्याला टेकवलं. चांगलं दाबून. तिच्यामागे दुसरी बाई, तिच्या मुलाचं कपाळ तिथेच. मग तिसरी. पत्र्यावर त्या जागी ओलसर डाग पडला होता.
गोदाचं हसू गेलं. पुढे जाऊन तिने पहिल्या बाईचा हात धरला. "बाय, पोरीला घरान ने. ही देवी-बिवी नाय. ही मीच हाय. मी पन तापान पडलेलू. पेज पिऊन, निजून बरी झालू."
बाईने वर बघितलं, मग गोदाकडे. गालफडं बसलेली, केस विस्कटलेले. म्हणाली, "जा गं, काहीतरी बडबडू नको." आणि पोरीचं कपाळ पुन्हा टेकवलं.
मग मी बोललो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "बाई, हे चित्र आहे. मी काढलंय. मी ड्रॉईंग मास्तर आहे."
ती म्हणाली, "बाजूला व्हा. लाइन आहे."
घरी येऊन जेवलो नाही. त्या पोरीच्या मुठीत झेंडूचं फूल होतं, तेवढंच सारखं दिसतंय.

बुधवार, १९ जून. सकाळी ९.
सहाला शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन निघालो. वासंतीने दुसरा ब्रश घेतला आणि बरोबर आली. शिंगांपासून सुरुवात केली. मग सूर्य. चेहऱ्याशी पोचल्यावर हात थांबला. वासंती म्हणाली, "डोळे फार छान काढले होतेत हो." चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मग मीच पुसले.
हार गोळा करत असताना एक म्हातारी पूजेचं ताट घेऊन आली. "देवी कुठं गेली गं?" वासंतीने मागे वळूनही बघितलं नाही. "माहेरी गेली, आजी."
"मग साथ हटली म्हणायची," असं म्हणून म्हातारी समाधानाने परत फिरली. तासाभरात ही बातमी सगळ्या नाक्यावर झाली. गर्दी आपोआप पांगली. माझं चार दिवसांचं काम वासंतीने तीन शब्दांत निस्तरलं. अर्थात रंग माझा होता.

शुक्रवार, २१ जून.
महिपतराव आले. सांत्वनाला आले असावेत असं समजून मी उत्तर तयार ठेवलं होतं. कलावंताला असे प्रसंग यायचेच, वगैरे. ते म्हणाले, "आता कसा स्वच्छ वाचता येतो! अक्षर काय सुरेख आहे हो!" डोंबिवली आणि कल्याणच्या कमिट्यांचे लोक बघून गेलेत. त्यांना बारा फलक हवेत. ज्यांनी ही अक्षरं काढली त्यांच्याच हातचे.
मी म्हटलं, तसं ते आमचं टीमवर्क. महिपतरावांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "वहिनी, जमेल का?"
वासंती हो म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. क्रम उलटा हवा होता.
ठरलं ते असं. ती लिहिणार, मी सुपरव्हिजन करणार. सुपरव्हिजनमध्ये शिडी येते.

रविवार, २३ जून. दुपारी ४. (पडल्या पडल्या लिहितोय.)
डोंबिवली. स्टेशनबाहेरचा चौक. फलक मोठा, एकच ओळ. 'गर्दी करू नका'. वासंती पदर खोचून शिडीवर. मी खाली, दोन्ही हातांनी शिडी धरून. सकाळपासून अंग कसकसत होतं, पण कामात लक्ष असलं की मला असल्या गोष्टी जाणवत नाहीत.
शिडीवर चढून बोर्ड रंगवणारी बाई डोंबिवलीने पाहिलेली नसावी. 'ग' पुरा होईपर्यंत सहा जण जमले. 'र्दी'चा रफार द्यायच्या वेळी चाळीस. एका गृहस्थांनी मला विचारलं, "बाईंचे असिस्टंट का?" मी म्हटलं, यजमान. ते म्हणाले, "वा वा, म्हणजे घरचाच माणूस."
वरून वासंतीचा आवाज आला. "अहो, 'गर्दी' झालंय. 'करू नका'ला अजून अर्धा तास लागेल. तोवर तेवढं तुम्ही ओरडता का?"
ओरडलो. वर्गातला आवाज लावला. जे जायला निघाले होते ते काय झालं म्हणून परत आले. मग मी साथ आणि नागरिकांचं कर्तव्य यावर थोडक्यात बोललो. ऐंशी जमले. पुढच्या रांगेत दोघं खाली बसले.
तेवढ्यात नाक हुळहुळलं. रुमाल खिशात, हात शिडीला. शिडी सोडावी तर वासंती पडेल. शिंकलो. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी सगळी शिडी थरथरली.
अर्ध्या मिनिटात चौक मोकळा. टांगेवाल्यानेसुद्धा घोडा पलीकडे नेला. वासंतीने निवांतपणे 'करू नका' पूर्ण केलं.
माझ्या एखाद्या कृतीचा समाजावर इतका तात्काळ परिणाम आजवर झाला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.
टेम्परेचर १०२. पेज आली. वासंतीने आमच्या दाराबाहेर एक बोर्ड लावलाय. आतून वाचता येत नाही, पण जिन्यावरून येणारी माणसं अर्ध्यातूनच परत फिरताहेत. अक्षर चांगलं असणार.